टँकरने मागवलेला पूर

ती. विमलावहिनी यांस चंद्रभागेचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे कंबर परवानगी देईल तेवढाच, राहिलेला दादाकडून वसूल करून घ्या.) तुमचा गुडघा कसा आहे? माझा तुमच्यापेक्षा जास्त दुखतो, पण मोठेपणाचा मान तुमचा, म्हणून आधी तुमचा विचारला. इकडे वारज्यात सगळे सुखरूप आहेत, एक परीक्षकबाई सोडून. त्यांच्याही शिंका आता थांबल्या म्हणतात.

पत्र लिहून घेतेय आपली नात शेफाली. मला अक्षर येत नाही आणि तिचं ऐकायला दुसरं कुणी रिकामं नाही, म्हणून जोडी जमली. पत्र मामाआजोबांच्या नावाने का नाही, असं तिने विचारलं. म्हटलं, त्यांच्या नावाने गेलं तरी उत्तर वहिनीच देणार, मग कागदाला उगाच हेलपाटा कशाला? (हेही लिही गं. हसू नकोस, शाई सांडेल.)

तर शेफालीचं घरं बांधायच्या शिक्षणाचं हे शेवटचं वर्ष. परीक्षेला विषय काय घेतला? बाराही महिने पाऊस पडतो आणि नदी न विचारता स्वयंपाकघरात शिरते, अशा विषुववृत्तावरच्या जंगलात गरिबाला परवडेल असं लहानसं घर. ज्या मुलीला भिजलं की सर्दी होते आणि जिने वारज्याच्या टेकडीपलीकडे जंगल पाहिलेलं नाही, तिने हे काम अंगावर घ्यावं! घर मात्र गोड झालं. बांबूचं अंग, गवताचं उतरतं छप्पर, तट्ट्याच्या भिंती, म्हणजे वारा सरळ आत येतो आणि डास आधी विचार करतो. घराखाली बारा रिकामी निळी पिंपं बांधलेली, चार कोपऱ्यांना चार उंच खांब. पाणी चढलं की घर खांबांना धरून वर, उतरलं की खाली. पिंपं मार्केट यार्डातून आणली. त्यांत आधी खारातल्या कैऱ्या होत्या, त्यामुळे घराला पाया नसला तरी चव आहे.

घर बांधलं आमच्या सोसायटीच्या पोहण्याच्या तलावात. दचकू नका. बिल्डरने पत्रकावर निळंशार पाणी आणि त्यात एक गोरं जोडपं छापलं होतं. नऊ वर्षं झाली, ते जोडपंही आलं नाही आणि पाणीही. मुलं त्यात क्रिकेट खेळतात. पण तरंगणारं घर तपासायचं तर पूर पाहिजे, आणि आमच्याकडे नळाला पाणी येतं ते सकाळी पाऊण तास, तेही खोकत. शेवटी टँकर सांगितले. सेक्रेटरी उत्तरेश्वरराव धावत आले. "अहो आजी, इथे लोक आंघोळीचे थांबलेत आणि तुम्ही पूर मागवताय?" मी म्हटलं, तुम्हीही या की, पुराला कुणी अडवत नसतं. चूक माझीच. सगळी सोसायटी बादल्या घेऊन आली. टँकर पूर ओतायचा आणि इमारत तो जिन्याने घरी न्यायची. दोन टँकर संपले तरी पाणी घोट्याच्या वर जाईना. विषुववृत्तावर अशी माणसं असती तर तिथे पूर आलेच नसते.

लोकांना आवरायला मी म्हटलं, आता वास्तुशांतच घालू. पाहुणा म्हणून आलेला माणूस बादली आणत नाही. युक्ती लागू पडली, पुढच्या टँकरांनी तलाव भरला, घर चांगलं छातीएवढ्या पाण्यावर आलं. मग गुरुजी अडले. वास्तुपुरुष आग्नेय कोपऱ्यात पुरायचा, पण पुरायचा कशात? खाली पाणी. शेवटी त्याला पितळी डब्यात घालून सुंभाने खाली सोडला. (बिचारा आयुष्यभर पोहणार.) परीक्षकबाई पाटावर बसून सगळं वहीत टिपत होत्या. आरतीपर्यंत घर देवासारखं स्थिर. पण शिऱ्याचं पातेलं होतं आग्नेयेला, स्वयंपाकघराच्या बाजूला. प्रसाद म्हटल्यावर तीस माणसं एकदम तिकडे वळली आणि घरानेही त्यांच्यामागून मान लववली. परीक्षकबाई पाटासकट घसरत गेल्या, शांतपणे, एखादी बाई झोपाळ्यावरून उतरावी तशा, आणि थेट पाण्यात. शिऱ्याची वाटी मात्र त्यांनी वर धरली होती, कोरडी. शिकलेलं माणूस.

ओलेत्यानेच त्यांनी निकाल सांगितला: माणसांचा भार मोजलेला नाही, खऱ्या काठावर, खऱ्या पुरात हे घर उभं करून दाखवा, तोवर पदवी राखून. तेव्हापासून पोरगी नीट जेवत नाही. रात्रंदिवस आकडे मांडते आणि म्हणते, आजी, माझं गणित बरोबर येतंय, तरी घर कललं, म्हणजे मला यातलं काहीच कळत नाही. कॉलेज सोडून फोनवर कर्ज विकायची नोकरी धरते म्हणते. (लिही, लिही. खोटं आहे का?)

बाकी सर्व ठीक. दादाला पथ्य पाळायला सांगा. पाळणार नाहीच, पण सांगा.

तुमची नणंद,
चंद्रभागा

ता.क. वैनगंगेकाठची ती पट्टी, जी दर श्रावणात पाण्याखाली जाते आणि जिथे बेडकाशिवाय काही पिकत नाही, तिच्यातला घराएवढा तुकडा या पावसाळ्यापुरता शेफालीला द्या. हक्क सोडताना मी अंगठा दिला तेव्हा एक शब्द बोलले नव्हते. आताही जमीन मागत नाही, वहिनी, पूर मागतेय. तो तुमच्याकडे मुबलक आहे.

ता.क. दुसरं. हे शेजारच्या इंदुबाईंच्या हातचं आहे, शेफाली चहा टाकायला गेलीय. पोरीचं गणित बरोबरच आहे. पूजेच्या आदल्या दिवशी पाणी भरायला घरात भांडं नव्हतं, म्हणून घराखालचं आग्नेयेकडचं एक पिंप मी सोडून आणलं. झाकणासकट चांगलं पिंप नुसतं हवा भरून पडलेलं मला बघवेना. पोरीला सांगायला तोंड नाही. तुमच्याकडे पुरात घर नीट तरंगलं की ती आपोआप सावरेल आणि माझीही अब्रू राहील. तेवढं करा.

ता.क. तिसरं. आजींना वाचता येत नाही म्हणून धीर करून लिहिते. एका पिंपाने घर एवढं कललं नसतं. त्याच बाजूचं दुसरं माझ्याकडे आहे. आजींना कळवू नये. — इंदुबाई