वजा बत्तीस आणि थिजलेलं मेण

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात घातलेला नाही, कंबर धरली आहे. पण मनापासून घातला असं समजावं.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला थांबला का? इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून सगळे. माझी नोकरी बहुतेक येत्या शुक्रवारी जाणार आहे आणि ती नेमकी कशामुळे जाणार हे मला अजून धड कळलेलं नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी मेणबत्तीच्या कारखान्यात मेण तापवण्याच्या खात्यात आहे. सोमवारी मोठ्या टाकीचा हीटर जळला. टाकी आपल्या आजोबांच्या वयाची (कुरकुर मात्र त्यांच्यापेक्षा कमी), त्यामुळे तसला हीटर आता मिळत नाही, मुद्दाम बनवून घ्यावा लागतो. बनवणारा म्हणाला, एक किलो मेण एक अंश सेल्सिअसने तापवायला किती ज्यूल उष्णता लागते तेवढं सांगा, बाकी माझ्यावर सोडा. याला विशिष्ट उष्मा म्हणतात हे मला चटकन आठवलं आणि स्वतःचं भारी कौतुक वाटलं. टाकीची जुनी पुस्तिका उघडली. आकडा होता शून्य पूर्णांक सहा. हुश्श केलं. पण पुढे बघतो तर काय, बीटीयू, दर पौंडाला, दर अंश फॅरनहाइटला! म्हणजे उष्णता परकी, वजन परकं आणि तापमानही परकं. घरातली तिघंही एकदम रुसली तर माणसाने आधी कोणाची समजूत काढायची?

तरी मी डगमगलो नाही. एक बीटीयू म्हणजे एक हजार पंचावन्न ज्यूल, गुणलं. पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या जरा वर, भागलं. चौदाशेच्या आसपास आले. राहिला एक अंश फॅरनहाइट. आणि इथे मामा, तुमची लाकडी पट्टी आठवली. सातवीची सुट्टी, तुमच्या ओसरीवरची शिकवणी, आणि तुमचा नियम : फॅरनहाइट दिसला की आधी बत्तीस वजा कर, मग तोंड उघड. माझ्या बोटांना तो अजून पाठ आहे. एकातून बत्तीस गेले, उणे एकतीस. पाचाने गुणलं, नवाने भागलं, उणे सव्वासतरा. चौदाशेला त्याने भागलं आणि विशिष्ट उष्मा आला उणे एक्क्याऐंशी! म्हणजे मेणाला उष्णता दिली की ते गार होणार आणि काढून घेतली की तापणार. मी तीनदा करून पाहिलं, कागदावर, कॅल्क्युलेटरवर आणि एकदा देवाचं नाव घेऊन. उत्तर जागचं हलेना. गणित खोटं बोलत नाही, हेही तुमचंच वाक्य. शेवटी मी चार पानी टिपण लिहिलं, की टाकीला हीटर नको, थंड करण्याचं यंत्र हवं.

आता साहेब हे टिपण माझ्या तोंडावर फेकतील असं कोणालाही वाटेल. पण साहेबही शाळेत तुमच्याच हाताखालून गेलेले. त्यांनी बत्तीस वजा केलेत का तेवढं पाहिलं, केलेले दिसले आणि सही ठोकून दिली. यंत्र शुक्रवारी येतंय. (मेण वितळवायला हवंय म्हटल्यावर विकणाऱ्याने फोनवर ‘थंड करण्याचंच यंत्र ना?’ असं तीनदा विचारून घेतलं.) तोवर टाकीत मेणाचा दगड झालाय, आणि मेणबत्त्या ओतणाऱ्या अकरा बायका हातावर हात ठेवून बसल्यात. एकीने तर टाकीवर टॉवेल वाळत घातलाय. शुक्रवारी यंत्र चालू केल्यावर मेण तापलं नाही, तर साहेब तापणार.

काल जेवताना हे सगळं तुमच्या भाचेसुनेला सांगितलं. ती म्हणाली, अहो, धाकटीची उंची दारावर मोजता ना? ती जमिनीवर उभी राहो की पाटावर, वाढली किती तेच बघता ना? मग नुसत्या वाढीत बत्तीस आले कुठून? एका अंशाच्या जागी पाच नवमांश घ्यायचे, झालं. आणि तिने पोळी संपायच्या आत अडीच हजार ज्यूल काढून दिले. मामा, खरं सांगतो, मला पटलं. पण बोटं दुखायला लागली.

तुमचा आज्ञाधारक आणि पुरता गोंधळलेला,
भाचा

ता. क. : साहेबांना म्हटलं, बत्तीस काढून टाकू या. ते पांढरेफटक पडले. म्हणाले, सरांच्या बत्तीसला हात लावायची माझी छाती नाही, सरांनी लिहून दिलं तरच यंत्र रद्द करतो. तेव्हा कृपा करून एक ओळ सहीनिशी द्यावी : ‘तापमानाच्या फरकातून बत्तीस वजा करू नयेत.’ पत्र आणणारा कारखान्याचा ड्रायव्हर ओळ घेतल्याशिवाय हलणार नाही. त्याला चहा बिनसाखरेचा लागतो.

आणखी एक : भाचेसून म्हणते, ज्यूल-किलोऐवजी कॅलरी-ग्रॅम धरलं असतं तर पुस्तिकेतला शून्य पूर्णांक सहा जसाच्या तसाच राहिला असता, काहीच करावं लागलं नसतं. हे कृपया साहेबांना कळू देऊ नये, चार पानं लिहिली आहेत.

शेवटचं : ठरल्याप्रमाणे धाकटी सुट्टीत तुमच्याकडे येते आहे. गणित तिला तिची आई शिकवेल. तुम्ही भरपूर लाड करा, आणि पट्टी तेवढी मामींच्या ताब्यात द्या.