भोकराची मार्टिनी

४ मार्च
ऋत्विक वीस तारखेला येतोय. चार वर्षांनी. फोन आईलाच, म्हणजे छायालाच करतो, मला करत नाही, कारण मी बिझी असतो हे त्याला माहीत आहे. छाया म्हणाली, तो पुण्यात मार्टिनी नावाचं पेय घेतो. ठरलं. बापलेक समोरासमोर बसून मार्टिनी घेणार. मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. पण कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये तीस वर्षं असिस्टंट होतो. द्रावण ते द्रावण.

५ मार्च
सहा व्हिडिओ पाहिले. जिन साठ मिली, व्हर्मूथ दहा मिली. बर्फात ढवळायचं, गदागदा हलवायचं नाही. गाळून थंड ग्लासात. वर एक हिरवं ऑलिव्ह. बाकी सगळी भेसळ. व्हर्मूथ म्हणजे जडीबुटीची वाइन.

८ मार्च
देऊळगाव राजाहून बसने जालन्याला. जिन मिळाली. व्हर्मूथ म्हटल्यावर दुकानदाराने औषधाच्या दुकानाकडे बोट दाखवलं. साधी पांढरी वाइन घेतली. पिशवीत वरून मेथी. घरी वाइनमध्ये ओवा आणि बडीशेप भिजत घातली.

११ मार्च
ऑलिव्ह कुठेच नाही. अडचण नाही. छायाच्या बरणीतली लोणच्याची भोकरं काढली, मसाला धुतला, मिठाच्या पाण्यात टाकली. दिसायला तंतोतंत. छाया चिडली.
"पोराले भोकरं कशाले पाजता? त्याच्यासंगं बोला ना नुसतं."
तिला सायंटिफिक पद्धत कळत नाही. आधी पेय, मग बोलणं.

१४ मार्च
ट्रायल. मेजरिंग सिलिंडरने मोजून. चव कफ सिरपसारखी, शेवटी लोणचं. म्हणजे जमलं असावं. कान गरम झाले आणि नको ते आठवलं. चार वर्षांपूर्वी मुलीकडचे लोक त्याला बघायला आले होते, ऋत्विक मित्राच्या हळदीहून पिऊन आला, मी सगळ्यांदेखत कानाखाली दिली. एकच. सोयरिक मोडली ती पत्रिकेमुळे. तो विसरलाही असेल. सत्तावीस वर्षांचा होता.

१९ मार्च
दोन्ही ग्लास फ्रीजरमध्ये, मटारच्या शेजारी. उजळणी केली. दुपारी झोप नाही.

२० मार्च, संध्याकाळी ७
आला. वाळलाय. वाकून नमस्कार केला, प्रवास बरा झाला म्हणाला. ट्रे आणला. ढवळणं उत्तम, बर्फाचा कण नाही, भोकर मधोमध.
तो ट्रेकडे बघत उभाच राहिला. आपल्याकडे बापासमोर कोणी पीत नाही, हे मला आधी सुचायला हवं होतं. म्हटलं, आपल्या हाताने देऊ, म्हणजे संकोच जाईल. ग्लास घेऊन हात पुढे केला.
त्याची मान झटकन मागे गेली.
मग तोच ओशाळला. "बाबा, मी घेत नाही," म्हणाला आणि गल्लीतल्या मित्राकडे, जीवनकडे जाऊन येतो म्हणून निघाला.

२१ मार्च
सकाळच्या बसने गेला. सुट्टी चार दिवसांची होती, छायाने सांगितलं. त्याला ऑफिसचं काम निघालं असेल. छाया म्हणाली, "हो, असंन."
काम निघालेलं नाही. मला कळतं.
"चुकलो" म्हणणार होतो. पहिला ग्लास संपल्यावर म्हणणार होतो.