खबरीच्या घरचं हळदीकुंकू

आई, काल मला घरात खबरी म्हणाले आणि मी चक्क हसले. नातवाने जेवणाआधीच श्रीखंडाचा डबा निम्मा केला होता. मी त्याच्या आईला सांगितलं, तर पोरगं कमरेवर हात ठेवून अर्ध्या गुजरातीत म्हणतं, "आजी तो खबरी छे. हिच्यासमोर काही खायचं नाही." हल्ली हा शब्द असा पोरासोरांच्या तोंडी लोळतो, मम्मीला कोणाचं नाव सांगितलं की झाला खबरी. तुझ्या वेळी तसं नव्हतं. गल्लीतली आतली बातमी पोलिसांना पोचवणारा तो खबरी, आणि तोंडावर तसं कोणी म्हणायचं नाही. तू नळावर गेलीस की बायका एकदम लोणच्याबद्दल बोलायला लागायच्या, तेवढ्यावरून समजायचं.

लहरीपुऱ्याजवळच्या त्या गल्लीत तू चौकीतल्या चार पोलिसांचे डबे करायचीस. जमादार स्वतः सायकलवरून न्यायला यायचा. "बेन, आज काय?" "वांगी आहेत, नाक न मुरडता खा." एवढंच तुमचं बोलणं. मग गल्लीच्या टोकाचा दारूचा अड्डा पोलिसांनी मोडला, आणि सगळ्यांची बोटं आपल्या स्वयंपाकघराकडे वळली. मी तेव्हा सोळाची. "आई, तू सांगितलंस?" असं विचारलं तर तू तव्यावरची पोळी उलटलीस आणि म्हणालीस, "ताट घे." मला इतका राग आला होता. हो नाहीतर नाही, काहीतरी म्हणायचं ना गं.

त्यानंतर संक्रांत आली. तू तिळाच्या वड्या थापल्यास, वाणाला स्टीलच्या छोट्या वाट्या आणल्यास आणि मला आमंत्रणाला पाठवलंस. तेव्हा दारात जाऊन "आईने हळदीकुंकवाला बोलावलंय" म्हटल्याशिवाय कोणी यायचं नाही. संध्याकाळी तू चंद्रकळा नेसून सतरंजीवर बसलेली आहेस, आणि दारात कोणी नाही. एकट्या शेजारच्या मावशी आल्या, त्याही मागच्या दाराने, आणि तुझा हात धरून रडल्या. मावशी गेल्यावर वड्यांवर फडकं टाकत तू म्हणालीस, "माझ्यापायी तुझं लग्न अडायला नको." ते वाक्य अजून टोचतं.

दुसऱ्या दिवशी तू पदर खोचलास आणि वाट्या ताटात भरल्यास. "त्या येत नाहीत तर मी जाते. दार लावलं तोंडावर तर लावू देत." मी खिडकीत जीव मुठीत धरून. बऱ्याच वेळाने परत आलीस ती रिकामं ताट घेऊन, कपाळावर कुंकवाचा थर. तोंडभर हसत होतीस. मला वाटलं, आता काहीतरी सांगशील. पण तू म्हणालीस, "बस, तेल लावते," आणि माझी वेणी घातलीस, नेहमीपेक्षा जरा घट्ट. त्यानंतर नळावर पुन्हा तुला हाका यायला लागल्या.

तू गेल्यावर, तेराव्याला, मावशींनी मला बाजूला घेतलं. त्यांचा नवरा त्या अड्ड्यावर पडलेला असायचा, घरी येऊन मारायचा. जमादाराच्या कानावर घाल, म्हणून त्यांनीच तुला विनवलं होतं. "माझं नाव फुटलं असतं तर त्याने मला जिवंत ठेवलं नसतं. तुझ्या आईने सगळं स्वतःवर घेतलं गं." म्हणजे खबरी तर तू होतीसच. पण मावशींचं नाव तू मलासुद्धा कळू दिलं नाहीस.

माझं बरं चाललंय. शाळा सुटली तरी पुड्यांचे कागद वाचत शिकले, म्हणून हे चार शब्द लिहिता येतात. लग्नही अडलं नाही. आता आमंत्रण मोबाइलवर जातं. सून एकदा बोट लावते आणि अख्खी सोसायटी येते. ते बघितलं की मला आपली रिकामी सतरंजी दिसते.

हा कागद वाणाच्या त्या एका वाटीखाली ठेवणार आहे, माझ्यासाठी ठेवली होतीस ना, तिच्याखाली. तू आमंत्रणाला पाठवलंस, त्या दिवशी मी एकाही दारात गेले नव्हते; मावशी आल्या त्या आपणहून. "खबरीची पोर आली" असं ऐकावं लागेल म्हणून देवळाच्या पायरीवर बसून राहिले, आणि घरी येऊन म्हणाले, सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहिल्याच दारात तुला ते समजलं असणार. तू माझंही नाव कोणाला सांगितलं नाहीस, मलासुद्धा नाही. वेणी एवढी घट्ट का, ते मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी गप्प बसले.