गरजू नसल्याचा शेरा

मारेगाव, मंगळवार

आदरणीय बाबाराव भाऊजी यांना मेहुणी विमलचा सविनय जयभीम.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि लोहाऱ्याच्या कारखान्यातून निवृत्त होऊनही ताईला सकाळी सातलाच डबा भरायला लावता का, ते सवडीने कळवावे. इकडे सर्व क्षेम आहे. किती क्षेम आहे याचा आता लेखी पुरावाच मिळाला आहे, त्याची ही हकीकत.

आमचं पाळणाघर कसं सुरू झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. दोन वर्षांपूर्वी भुरीबाई कापूस वेचत होती आणि तिचा नातू शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, फवारणीच्या रिकाम्या डब्याशी खेळताना सापडला. पाच दिवस दवाखान्यात होता. त्यानंतर आमच्या वस्तीतल्या आणि भुरीबाईच्या तांड्यातल्या बायांनी ठरवलं, की वेचणीच्या दिवसांत पाळीपाळीने एकेक दिवसाची मजुरी सोडायची आणि समाजमंदिरात साड्यांच्या झोळ्या बांधून लेकरं सांभाळायची. बारा लेकरं आहेत. पण ज्या लाकडाला झोळ्या बांधतो ते सडलं, पत्रा गळायला लागला, म्हणून तुमच्या सल्ल्याने नागपूरच्या एका देणगीदार संस्थेकडे अर्ज केला. (सल्ल्याबद्दल मनात राग नाही. थोडासा आहे.)

अर्ज अठरा पानांचा. त्यात पहिला प्रश्न, आपल्या उपक्रमात नावीन्य काय? आता झोळी हलवण्यात काय नावीन्य आणायचं, भाऊजी? आम्ही लिहिलं, दोन्ही बाजूंना हलवतो. पुढे लाभार्थ्यांचा अभिप्राय हवा होता. आमच्या सर्वांत ज्येष्ठ लाभार्थ्याचं वय अडीच वर्षं. त्याच्यापुढे कागद ठेवला, तर त्याने अकरावं पान ओलं करून आपला अभिप्राय दिला. ते पान वाळवून तसंच जोडलं. एवढं होऊनही पाहणीला साहेब येणार असं पत्र आलं, याचं मला अजून नवल वाटतं.

आणि इथेच घात झाला. माझं म्हणणं होतं की आहे तसं दाखवू. पण आमच्या अध्यक्ष कांताबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "पाव्हना दारात येऊन राह्यला अन् तू त्याले गळका पत्रा दाखवतं? काहून, आपल्याले काही इज्जत हाय का नाही?" मग काय, चुना मारला. मंडपवाल्याकडून खुर्च्या आणि झालरीचं कापड आणलं, कापडाने पत्रा झाकला, सडक्या लाकडाला झेंडूच्या माळा गुंडाळल्या. लेकरांना लग्नातले कपडे घातले. भुरीबाई पेटीतली आरशांची कांचळी चोळी आणि होती नव्हती तेवढी चांदी अंगावर घालून आली. गावरान कोंबडा झाला, पुरणपोळी झाली, शाल झाली. साहेब ढेकर देऊन म्हणाले, "काही अडचण असेल तर मोकळेपणाने सांगा." यावर पंधरा बाया एका सुरात म्हणाल्या, "काहीच नाही साहेब, सगळं बेस हाय!" मी सचिव. बोलायचं काम माझं. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "साहेब, अजून एक पोळी वाढू का?"

पंधरा दिवसांनी शेरा आला. 'संस्था सुस्थितीत असून निधीची गरज दिसून येत नाही.' शिवाय आदर्श केंद्र म्हणून सोनेरी चौकटीतलं प्रमाणपत्र. ते टांगायला कांताबाईंनी लाकडात खिळा ठोकला, तर खिळ्यासकट वीतभर लाकूड खाली आलं. प्रमाणपत्राला मात्र काही झालं नाही, काच मजबूत आहे. कांताबाईंनी तो तुकडा उचलून पदराआड धरला. मलाही फार वाईट वाटलं.

असो. पत्र केवळ खुशालीचं आहे, मागणं काही नाही. ताईला नमस्कार.

तुमची मेहुणी,
विमल

ता. क. – मागणं काही नाही असं वर लिहिलं ते कांताबाई शेजारी बसल्या होत्या म्हणून. आता त्या उठून गेल्या. मी साहेबांना फोन केला होता. ते म्हणाले, महिनाअखेरपर्यंत कुणा प्रतिष्ठित व्यक्तीने 'ही संस्था खरोखर गरजू आहे' असं सहीनिशी लिहून दिलं, तर फेरविचार होईल.

ता. क. २ – प्रतिष्ठित माणसं इथे पुष्कळ आहेत, पण सही करत नाहीत. सरपंच म्हणाले, "माह्या गावाची बदनामी मी कायले करू?" ज्यांच्या घरी पावसात खाट हलवायला कोरडी जागा नाही ते वस्तीतले वडीलधारे डोमाजीही म्हणाले की आपल्यात गरजू कोणी नाही. खरं सांगते, त्या कागदावर सचिव म्हणून मलाही सही करायची होती. तीन दिवस पेन घेऊन बसले, नाही झाली.

ता. क. ३ – कोरा कागद सोबत जोडला आहे, मजकूर आणि सही तुमची. वेचणी महिन्यावर आली आणि बाया आत्ताच विचारतात, या वर्षी लेकरं धुऱ्यावर न्यायची का? तुम्ही दूर राहता, भाऊजी. एवढी लाज तुमच्या नावावर घ्या.