तुझ्या हातात कोयता कसा देऊ?

बुऱ्हाणपूर, मंगळवार संध्याकाळ

आज जसोंडीला गेलो होतो. तिथं केळीच्या खोडांपासून धागा काढायचा नवा कारखाना निघालाय. मी सपासप खोडं सोलून दाखवली, मालक खूश झाला. मग पोलिसांचा कागद वाचून म्हणाला, "भैया, खुनाची सजा झालेल्या माणसाच्या हातात कोयता कसा देऊ?"

कोयता! जेलच्या केळीबागेत चौदा वर्षं शिपाई रोज सकाळी स्वतः तो माझ्या हातात द्यायचा. तिथं नाही कुणाला भीती वाटली?

घरी येऊन दादा-वहिनीला हे सगळं रागारागाने सांगितलं. जेवताना कांदा चिरायला उठलो, तर विळी जागेवर नव्हती.

दादा ताटाकडे बघत म्हणाला, "पेटीत आहे. तू आलास तेव्हापासून."