यमुनाक्काचा पाट

ता. ६ मे १९१९, गुंद
शेंडी कापली. आई रडली. आबा बैलांना पाणी दाखवायला गेले. बेळगावला एवढं शिकायचं आणि सुट्टीत घरी येऊन पुन्हा तेच जुने रिवाज पाळायचे — मला नाही जमायचं!

ता. ९
आज विषय काढलाच. माझी थोरली बहीण यमुनाक्का अवघी वीस वर्षांची. नवरा तापानं गेला त्याला तीन पावसाळे झाले. तेव्हापासून कपाळ पांढरं, आणि सगळा दिवस चुलीपुढे. तिचं पुन्हा लग्न लावा म्हटलं. बेळगावचा माझा मित्र वासू शाळामास्तर आहे, तो तयार आहे.
आबा म्हणाले, "आपण मराठे. आपल्यात बाईचा पाट लावत न्हाईत."
मग मी फार बोललो. माणसांपेक्षा जात मोठी करणाऱ्यांचं तोंड बघायची इच्छा नाही, असंही बोललो. आई मध्ये पडली म्हणून थांबलो.

ता. १०
आबा कबूल होईपर्यंत या घरात जेवणार नाही.

ता. १२
डोकं ठणकतं आहे. पावसाआधी घर शाकारायचं म्हणून दिग्गीचा कान्हू कुणबी आला आहे. त्याला अंगणात वाढून झाल्यावर अक्का माझ्यासाठी पेज घेऊन आली. म्हणाली, "मला काय पायजे ते इचारलंस काय, नारायणा?"
मी तिला नीट समजावलं — हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही, देशातल्या सगळ्या बायकांचा आहे. ती ऐकत राहिली. मग वाटी ठेवून उठली.
पेज प्यालो. आबांना कळू दिलं नाही.

ता. १५
आबा हटत नाहीत. मीही नाही. वासूला निरोप धाडला — ये, अक्काला भेट.
कान्हूचं काम आज संपलं.

ता. १७
अक्का घरात नाही. कान्हूबरोबर दिग्गीला गेली. तिथे पाट लावणार आहेत. पहाटे आबा गोठ्यात होते. त्यांनी दोघांना जाताना पाहिलं. हाक मारली नाही.
"कुणब्याबरोबर?" मी ओरडलो.
आबा माझ्याकडे बघतच राहिले.
"व्हय," म्हणाले. "हसत गेली पोर."