घर नंबर नऊ, कूपर्स लेन

मी, गोबनेट नी ख्रोनीन, वय अडुसष्ट, राहणार घर नंबर नऊ, कूपर्स लेन, कॉर्क. मुलग्यांच्या आयरिश भाषेतल्या प्राथमिक शाळेची निवृत्त शिक्षिका. माझे डोके ठिकाणावर आहे; शंका असेल त्याने येऊन वाद घालून पाहावा. कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते व याआधीचे रद्द करते.

कलम १. घर व मागची बाग शाळेस. आमची शाळा १९२८ पासून बँडवाल्यांच्या हॉलच्या माडीवर भरते. खाली ढोल, वर पाढे. तो हॉल आता विकला गेला. तीस जूनच्या आत स्वतःची जागा दाखवली नाही, तर शाळा बंद, आणि एकशे बारा मुलगे इंग्रजी शाळांत वाटले जाणार, असे शिक्षण खात्याचे पत्र आहे. वाटायला ते काय बटाटे आहेत? या गल्ल्यांत आयरिश तीन पिढ्यांपूर्वी मेली, असे सगळे म्हणत. मग आमच्या एका मुलाने घरी जाऊन आयरिशमध्ये पाव मागितला, आणि चुलीपाशी बसलेल्या आजीने त्याच भाषेत उत्तर दिले. साठ वर्षे ती लाजेने गप्प होती. मेलेली भाषा अशी उत्तर देत नाही!

कलम २. माझा भाचा काहल यास माझी सायकल. घरावर डोळा ठेवून तो म्हणाला, "आत्या, आयरिशनं पोट भरतं का?"

"तुझं भरलं की रे! माझ्याच पगारावर वाढलास."

सायकलला ब्रेक नाहीत. त्याच्या जिभेलाही नाहीत, जोडी जमेल.

कलम ३. सोन्याची अंगठी टाइग ओ मूरहू यांच्या मुलीस. १९३६ साली शिक्षिकेने लग्न केले की नोकरी जाई. टाइग चर्चच्या पायरीवर म्हणाला, "मी, की ती चाळीस कार्टी?"

"एक्केचाळीस. कालच एक आलाय."

अंगठी त्याने परत घेतली नाही. पुढे तो नियम उठला. माझी माफी कोणी मागितली नाही. हा राग मी कोणाच्या नावे करत नाही. सोबत नेणार.

कलम ४. सर्व पुस्तके शाळेस. कपाटाला कुलूप लावू नये.

कलम ५. काल वकील ओ लिंशी यांनी वरचा मजकूर वाचला आणि चष्मा काढला.

"बाई, हे सगळं तुम्ही गेल्यावर लागू होणार. शाळेला जागा जूनमध्ये हवीय."

"म्हणजे मी सहा आठवड्यांत मरायला हवं?"

"तसं मी म्हटलं नाही हो!"

"डॉक्टर म्हणतात, हृदय घोड्यासारखं आहे. मोठीच अडचण!"

सबब कलम १ रद्द. घर व बाग आज सकाळी बक्षीसपत्राने शाळेला दिली; ताबाही दिला. मला राहण्यापुरती माडीवरची मागची खोली. पालक बाके घेऊन आलेत, जिन्यात माझे कपाट अडकले आहे, आणि त्या आरडाओरड्यात मी हे लिहिते आहे. उद्या नऊ वाजता माझ्या बैठकीच्या खोलीत पहिलीचा वर्ग बसेल. साक्षीदारांनी सह्या उरकाव्यात. मला खाली फळा टांगायचा आहे.

सही: गोबनेट नी ख्रोनीन
साक्षीदार: नोइरीन नी व्हुअखला, शेजारची पाववाली
साक्षीदार: फॅख्ना ओ दालाह, वकिलांचे कारकून
कॉर्क, १६ मे १९७४